पतीची ना हरकत

फोन वाजला तेव्हा तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. डोक्यावर पहिल्या मजल्याशी अडकवून ठेवलेली पेटी, हातात ग्रीसचं फडकं. त्याच्या शर्टाला दोन खिसे होते आणि गेले पाच महिने दोन्हींत एकेक फोन असायचा, उजवीकडे त्याचा, डावीकडे तिचा. वाजला तो डावीकडचा. या खड्ड्यात त्याच्या स्वतःच्या फोनला आजवर कधी रेंज मिळाली नव्हती. तिचा फोन तो रोज सकाळी दाढी करताना चार्जिंगला लावायचा आणि निघताना खिशात टाकायचा. का, ते कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. त्याने फडक्याला हात पुसले, तरी फोनच्या काचेवर अंगठ्याचा काळा ठसा उमटलाच. पलीकडून एका मुलीनं तिचं नाव घेतलं. आधी तिचं, मग त्याचं, मग आडनाव, असं कागदावरचं लांबलचक नाव. एवढं पूर्ण नाव शेवटचं त्याने दाखल्यावर वाचलं होतं. "आहेत का त्या?" मुलगी म्हणाली. "मी त्यांचा नवरा," तो म्हणाला. "अरे वा, मग तुमच्याशीच काम आहे. लघुउद्योग कक्षातून बोलतेय. तुमच्या मिसेसचं अनुदान मंजूर झालंय, बरं का. परवानाही तयार आहे, फक्त शिक्का मारायचा. एकच कागद अडलाय. पतीची ना हरकत." वर पेटीच्या बुडाशी एक थेंब जमत होता, तो पडेल की नाही हे तो पाहत राहिला. "हॅलो, येतंय ना ऐकू? शुक्रवारी मुदत संपतेय. सही करून आणून द्या, पाच मिनिटांचं काम. आणि अभिनंदन सांगा त्यांना." "सांगतो," तो म्हणाला.

सांगतो. शब्द तोंडातून गेला आणि तो तिथेच उभा राहिला. वरून त्याच्या कामावरच्या जोडीदाराने वाकून विचारलं, "काय रे खातरजमा, कुणाचा फोन?" "ऑफिसचा." "कुठल्या?" "आहे एक." जोडीदाराने पुढे विचारलं नाही. पाच महिन्यांत त्याला कळलं होतं, की याला दोन प्रश्न विचारायचे आणि तिसरा गिळायचा.

खातरजमा हे नाव त्याला कामावर पडलं होतं त्याला आता वीस वर्षं होत आली. तेव्हा तो नवा होता. एका संध्याकाळी सगळे घाईत होते आणि त्याच्या वरच्या मेकॅनिकनं लॉगबुक पुढे केलं, ब्रेक मी बघितलाय, तू फक्त सही ठोक. त्याने ठोकली. दुसऱ्या दिवशी ती लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून सुटली ती थेट खाली, आणि आत एक पोस्टमन होता. पोस्टमन वाचला, पण त्यानंतर त्याने टपाल वाटलं नाही, खिडकीत बसून तिकिटं विकली. चौकशीत सगळ्यांनी सही कुणाची तेवढंच पाहिलं. सही याची होती. तेव्हापासून त्याने नियम केला, की आपल्या हातानं तपासल्याशिवाय, आपण स्वतः पेटीत उभं राहून खालीवर केल्याशिवाय कागदाला पेन लावायचं नाही. लोक हसायचे. एका लिफ्टला इतर माणसं एक तास घेत, त्याला तीन लागत. साहेब म्हणायचे, अरे बाबा, तू काय लिफ्टशी सोयरीक जमवतोयस का. पण त्याची सही असलेली एकही लिफ्ट पुन्हा कधी सुटली नाही, हे खरं होतं, आणि तेवढं एकच त्याला स्वतःबद्दल छातीठोकपणे सांगता येत असे. तिलाही त्याने लग्नानंतर ते पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मग लग्नाच्या रजिस्टरवर सही करताना काय तपासलंत?" ती हसत बसली होती.

ती रफू करायची. ड्रायक्लीनरकडून कपडे घरी यायचे, कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक, शालीला उंदरानं कुरतडलेलं, पँटच्या मांडीवर खिळ्यानं फाटलेलं. खिडकीजवळ टेबलाचा दिवा लावून, भिंग डोळ्याशी धरून ती बसायची. पहिल्यांदा कपडा उलटा करायची आणि शिवणीच्या आत शिंप्यानं सोडलेली माया, जादा कापडाची पट्टी, शोधायची. त्या मायेतले धागे एकेक सोडवून काढायचे, त्याच धाग्यांनी भोकावर आधी उभे ताणे घालायचे, मग आडवे, एक वर एक खाली, जसं कापड विणलं गेलं असेल तसंच. बाहेरचा धागा चालत नाही, कितीही रंग जुळवला तरी उन्हात कळतो, असं ती म्हणायची. कुणी चिकटपणे माया न सोडता शिवलेलं कापड आलं की ती ते तसंच परत पाठवायची. "यात काढायलाच काही ठेवलं नाही, मी काय भरू?" ड्रायक्लीनर तिला भोकावर नव्हे, नगावर पैसे द्यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा की आमच्याकडे यंत्र आहे. या यंत्राचा तिला फार राग होता. एरवी ती रागवायची नाही. दूध नासलं, हरकत नाही. पाहुणे न सांगता आले, हरकत नाही. त्याने सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी अडकलेली लिफ्ट सोडवायला जेवणावरून उठून जायचं, हरकत नाही, जा, ताट झाकून ठेवते. पण ते यंत्र तिला सहन होत नव्हतं. म्हणून तिला स्वतःचं दुकान हवं होतं. दुकान म्हणजे काय, तर तो सांभाळत असलेल्या एका इमारतीत तळमजल्यावर लिफ्टला लागून एक गाळा रिकामा होता, दोन माणसं बसली तर तिसऱ्याने दारात उभं राहावं एवढा. तिने तो त्याच्यामुळेच पाहिला होता. एकदा ती डबा द्यायला आली, आणि तो वर मशीनरूममध्ये होता म्हणून त्या बंद शटरसमोर थांबली, आणि तो खाली आला तेव्हा म्हणाली, "इथे उजेड चांगला येतो हो." सोसायटीच्या सेक्रेटरीने गाळा दीड वर्ष तिच्यासाठी धरून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर तिने महिलांना धंद्यासाठी अनुदान देणाऱ्या कक्षाचा पत्ता काढला, आणि तिथून कागद सुरू झाले.

ते कागद त्याला पाठ होते, कारण ती रोज जेवताना सांगायची. अर्जात धंद्यांची यादी होती आणि त्यात रफू नव्हतं. खिडकीवरच्यांनी सांगितलं, शिवणकाम लिहा. शिवणकाम लिहिलं तर विजेच्या भाराचा दाखला हवा, यंत्रांची संख्या हवी, कापसाची धूळ बाहेर काढायची सोय हवी. "माझ्याकडे एक सुई आहे," ती तिथे म्हणाली होती, "तिचा भार किती लिहू?" मग तिला धुलाईत टाकलं, तर गटाराची जोडणी मागितली. शेवटी कुणा भल्या माणसाने दुरुस्ती (इतर) असं सदर शोधून काढलं. त्या संध्याकाळी ती खूश होती. "आता आपण दोघं एकाच खात्यात," ती म्हणाली, "तुम्ही दुरुस्ती, मी दुरुस्ती इतर." आगीचा दाखला हवा म्हणून तिने लाल नळकांडं विकत आणलं. ते अजून घरात दाराच्या मागे उभं आहे. दर रविवारी तो त्याचा काटा पाहतो. काटा हिरव्यात आहे. दोन खोल्यांच्या घरात, जिथे आता दिवसातून एकदा चहापुरता गॅस पेटतो, आग विझवायची अशी चोख व्यवस्था आहे.

मग पाहणी करायला साहेब आला. तिने त्याला नमुना म्हणून एक करडा कोट दाखवला, ज्याच्या बाहीवर रुपयाएवढं भोक तिने दोन दिवस बसून भरलं होतं. साहेबानं बाही उलटीपालटी केली, उजेडात धरली, खिडकीशी नेली. "कुठे आहे काम?" "तेच तर," ती म्हणाली. साहेब विनोदाच्या बेतात नव्हता. आठ दिवसांनी अर्ज परत आला, त्यावर शेरा होता, प्रत्यक्ष पाहणीत केलेले काम आढळून आले नाही. हा शेरा वाचून तो इतका हसला होता की त्याला ठसका लागला. ती आधी हसली नाही. मग हसली, डोळे पुसत हसली. आणि म्हणाली, ठीक आहे, आढळेल असं करते. तिने त्याच्याकडे कामावरचा एक जुना निळा शर्ट मागितला, पाठीचा तुकडा कापला, आणि त्यात भोक पाडायला बसली. बराच वेळ कात्री हातात धरून बसून राहिली. "चांगल्या कापडाला भोक पाडायला हात धजत नाही," ती म्हणाली, "तुम्ही पाडा." त्याने पाडलं. मग तिने ते लाल धाग्याने भरलं, कुणालाही दहा हातांवरून दिसावं असं. झाल्यावर तिने तो तुकडा लांब धरला आणि तोंड वाकडं केलं. "हे बघा, पहिली ढ मुलगी. हिला सरकार पास करणार." आणि खरंच, लाल रफू पास झालं. फाइल पुढे सरकली. उरला शेवटचा कागद, तो तिने त्याच्यासमोर ठेवला, पेन त्यावर आडवं ठेवून.

मी खाली सही करणार, अर्जदार महिलेचा पती, असे लिहून देतो की माझ्या पत्नीने सदर व्यवसाय करण्यास माझी कोणतीही हरकत नाही, आणि सदर व्यवसायातून उद्भवणाऱ्या कोणत्याही परिणामास मी जबाबदार राहीन. तो पहिल्या अर्ध्यावर थांबला नव्हता, दुसऱ्यावर थांबला. कोणत्याही परिणामास. परिणाम म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, परिणाम खिडकीत बसून तिकिटं विकत होता. "वाचून करतो," तो म्हणाला. "हरकत नाही," ती म्हणाली, आणि कागद उचलून टेबलाच्या खणात ठेवला. पंधरा दिवसांनी तिने विचारलं, "काय ठरलं?" "बघतो. त्या ओळीचं कुणाला तरी विचारायला हवं." पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. तो कामावरून दमून आला होता. "अगं, उद्या." तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, तो कागद मला पाठ झालाय. म्हणून दाखवू?" आणि शाळेतल्या मुलीसारखी एक हात पाठीमागे धरून उभी राहिली आणि मी खाली सही करणार पासून जबाबदार राहीन पर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. तो हसला. ती पण हसली. सही झाली नाही. त्यानंतर तिने विचारलं नाही. तो आता रोज तिथेच येऊन थांबतो, त्यानंतर तिने विचारलं नाही या जागी, आणि पुढे जाता येत नाही. न विचारणं म्हणजे काय होतं? विसरली होती? ती विसरणाऱ्यातली नव्हती. त्याला वाटायचं की त्याने आपण होऊन सही करावी याची ती वाट पाहत असेल. आणि याहून वाईट म्हणजे, तिला कळलं असेल. काय कळलं असेल? की ओळ हे निमित्त होतं. तो संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर आला की त्याला वरची खिडकी दिसायची, तिच्यात दिवा असायचा, दिव्याखाली तिचं डोकं. तो वर बघायचा आणि मग जिना चढायचा. दुकान झालं की संध्याकाळी ती खिडकी काळी असणार, हे त्याच्या मनात एकदाच, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, आलं होतं. त्याने ते लगेच दडपलं होतं, कारण नवऱ्याने असं मनात आणणं शोभत नाही. हरकत होती का त्याची? नव्हती. पण हरकत नाही असं लिहून द्यावं, तर तसंही नव्हतं. आता खिडकी रोज काळी असते. तो वळणावर आला की मान वर करत नाही.

एका सकाळी ती हातात भांडं घेऊन खाली बसली आणि "अहो, डोकं" एवढंच म्हणाली. मग दवाखाना. तिथे कोणीतरी सारखे कागद पुढे करत होतं, इथे करा, इथे करा, शस्त्रक्रियेस हरकत नाही, भूल देण्यास हरकत नाही, काही झाल्यास जबाबदारी आमची राहील. त्याने किती सह्या केल्या ते त्याला आठवत नाही. एकही वाचली नव्हती. नर्स म्हणाली, काका, वाचून घ्या हवं तर. तो म्हणाला, नको, करतो. दोन दिवसांत सगळं आटोपलं.

फोन आला त्या दिवशी संध्याकाळी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. रफूचं काम बायकोनंच तिला शिकवलं होतं, आणि बायको गेल्यावर ड्रायक्लीनरचे कपडे आता तिच्याकडे जात, फक्त ड्रायक्लीनरने घरी द्यायचं बंद केलं होतं. ती त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काम करी, जिथे कपडे धुवायच्या औषधाची वाफ भरलेली असे. तिला खोकला जडला होता. बोलताना मध्येच ती तोंड फिरवून खोकायची आणि पुन्हा जिथे सोडलं तिथून बोलायची. त्याने तिला फोनचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण दुसरं कोण होतं सांगायला. ती बसली होती ती उठून उभी राहिली. "भाऊजी, म्हणजे परवाना तयार आहे?" "तिच्या नावाने." "असू दे ना नाव. तुम्ही तुमची सही करा, ताईची मी करते. मला जमते तिची सही. शाळेत प्रगतिपुस्तकावर आईची पण मीच करायचे, आई अंगठा लावायची तेव्हासुद्धा." त्याला हसू आलं. "अगं, पण..." "पण काय? आम्ही दोघी सारख्याच दिसतो, सगळे म्हणतात. कागदावरचा फोटो बघून कोण ओळखतंय. भाऊजी, मी मागतेय का काही? गाळा महिनाअखेरपर्यंतच आहे, एक मोबाइलवाला त्यावर टपून बसलाय. त्या मागच्या खोलीत मी अजून एक वर्ष काढलं ना, तर..." आणि तिने तोंड फिरवलं. तो खोकला संपेपर्यंत थांबला. मग त्याने खण उघडला. कागद होता तिथेच होता, पेनही त्यावर आडवं. पेन कोरडं झालं होतं. त्याने स्वतःच्या खिशातलं काढलं आणि सही केली. वाचलं नाही. मेहुणी बघत होती. "झालं," ती म्हणाली, "बघा, अर्धं मिनिट लागलं." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं.

शुक्रवारी ते दोघं गेले. ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती, दारावर पुठ्ठा लटकवलेला. सवयीने त्याने दाराच्या फटीतून आत पाहिलं, दोरखंड कोरडे होते, तेल नव्हतं. मेहुणी जिन्यात दोनदा थांबली. तिने तिच्या ताईची जांभळी साडी नेसली होती, तिनेच ती मागून नेली होती, आणि केसही तसेच मागे घट्ट बांधले होते. जिन्याच्या वळणावर ती त्याच्या पुढे होती आणि तिची पाठ पाहून त्याचा पाय चुकला. वर खिडकीपाशी बाकडं होतं, ती त्याच्यावर बसली. खिडकीत फोनवरचाच आवाज होता. मुलगी लहानखुरी, उत्साही. "आलात का काका? बरं झालं, मला वाटलं आज पण राहतंय." तिने कागद घेतला, सही पाहिली, तारीख पाहिली, फाइल काढली. फाइल जाड होती. "अर्जदार आल्यात ना? फोटो काढायचा आणि इथे माझ्यासमोर सही." बाकड्यावरून मेहुणी उठली. त्याने ते पाहिलं नाही, त्याला साडीचा आवाज आला. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. मुलगी तिच्याकडे पाहून हसली. "या ना ताई. अभिनंदन." आणि मेहुणीने हात पुढे केला, पेन घ्यायला. तो हात त्याने पाहिला. तर्जनीच्या टोकाशी सुईने पडलेले बारीक बारीक टोचे, दुसऱ्या कुणाच्या हातावर तो ते रोज पाहत आला होता. त्याला एवढंच करायचं होतं की गप्प उभं राहायचं. गप्प राहणं त्याला आयुष्यभर जमलं होतं. सहा महिने त्या खणावर तो गप्पच राहिला होता.

"या नाहीत त्या," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ही माझी मेहुणी. ती नाहीये."

"मग त्यांना घेऊन या ना काका. पाचपर्यंत आहे मी."

"ती नाहीये आता."

मुलीला कळायला थोडा वेळ लागला. मेहुणीने हात मागे घेतला होता आणि दोन्ही हात पदराखाली लपवले होते, चोरी सापडलेल्या पोरीसारखे. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. मुलगी खुर्चीतून अर्धी उठली, पुन्हा बसली. "कधी?" त्याने महिना सांगितला. "अरे रे," ती म्हणाली, आणि खरंच तिला वाईट वाटलं होतं. ती फाइल घेऊन आतल्या साहेबांकडे गेली. काचेतून दिसत होतं, साहेब मान हलवत होते, फाइल चाळत होते, पुन्हा मान हलवत होते. ती परत आली. "काका, परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. यांना हवं असेल तर नवा अर्ज, पुढच्या वर्षी योजना आली तर. एक आहे नियमात, परवाना हातात पडल्यानंतर अर्जदार गेल्या असत्या ना, तर तो वारसाला लागू होतो. म्हणजे तुम्हाला. तुम्ही मग यांना बसवू शकला असता. बाकी सगळं झालंच होतं त्यांचं," ती फाइलीवर बोट ठेवून म्हणाली, "सगळं. मागच्या वर्षीच. तुमची ना हरकत तेवढी वेळेत आली असती तर." हे तिने कुणाला लावून म्हटलं नव्हतं. काय राहिलं होतं ते सांगितलं होतं, रोज दहा जणांना सांगते तसं. मेहुणीला सही राहिल्याचं माहीत होतं, पण त्यापायी काय गेलं ते आता कळलं. त्याला वाटलं ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भाऊजी, दुकानातून अर्ध्या दिवसाचीच सुट्टी मिळालीय. येते मी." आणि जिन्याकडे गेली. खाली उतरताना तिचा खोकला बराच वेळ ऐकू येत राहिला, प्रत्येक मजल्यावर थोडा थोडा लांब.

"बसा ना काका," मुलगी म्हणाली. तिने त्याला पाणी दिलं. मग थोडं थांबून, अवघडून, एक छापील कागद पुढे सरकवला. "ही फाइल उघडी ठेवता येत नाही, मुदत आजची आहे. तुमची मूळ कागदपत्रं परत मिळतील. फक्त हे लागतं. फॉर्मॅलिटी आहे." कागदावर लिहिलं होतं, सदर प्रकरण बंद करण्यास माझी कोणतीही हरकत नाही. खाली रेघ, रेघेखाली छापलेलं होतं, अर्जदार / पती / वारस, नको ते खोडावे. त्याने पेन हातात घेतलं. त्याला विचारायचं होतं की हरकत असली तर काय करायचं, त्याचा कुठला कागद असतो का, तो कुठल्या खिडकीवर मिळतो. पण समोरची मुलगी पंचवीसची असेल नसेल आणि तिने पाणी दिलं होतं. "करताय ना?" ती म्हणाली.

"वाचून करतो," तो म्हणाला.

शब्द त्याच्याच कानावर आला. मुलगी म्हणाली, "हो हो, सावकाश." त्याने पती तेवढं ठेवलं, बाकीचं खोडलं, आणि सही केली.

तिने फाइलीची दोरी सोडली आणि एकेक कागद काढून समोर ठेवू लागली. गाळ्याचं पत्र. आगीचा दाखला. विजेच्या भाराचा रकाना, त्यात तिच्या अक्षरात एका दिव्याचे वॅट, ते त्यानेच सांगितले होते. परत आलेला पहिला अर्ज, त्याच्यावरचा शेरा, केलेले काम आढळून आले नाही. आणि सगळ्यात खाली त्याच्या निळ्या शर्टाचा तुकडा, मधोमध लाल रफू, ढ मुलगी. मुलीने तो उचलून त्याच्या हातात दिला. दिल्यावर तिच्या लक्षात आलं. "अरे, हा पण पंच केलेला दिसतोय," ती म्हणाली. तुकड्याच्या डाव्या कडेला दोन भोकं होती, गोल, नीट कापलेली, फाइलीची दोरी ओवायला पाडलेली. "लावायचं म्हणून कुणीतरी केलं असणार. चालेल ना काका?"

त्याने एका भोकात करंगळीचं टोक घातलं. मग तुकडा उलटा केला. का केला ते त्याला लगेच कळलं नाही, तिला वर्षानुवर्षं तसं करताना पाहिलं होतं म्हणून केला असेल. नमुन्याच्या तुकड्याला कुणी कडा दुमडून शिवत नाही. तिने शिवली होती, चारी बाजूंनी, आणि आत बोटभर माया सोडली होती.

"काका?" मुलगी म्हणाली. "चालेल ना?"

"हरकत नाही," तो म्हणाला.